म्हसोबाच्या वळणावरची चाकोरी

भाटघर धरणाचं पाणी डोंगराच्या घळींत शिरत शिरत जिथं बारीक होतं, तिथं वरच्या अंगाला जांभूळटेप नावाची वस्ती आहे. मूठभर घरं, आणि वस्तीतून खाली डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली मुरमाची वाट. वाटेच्या एका अंगाला फॉरेस्टचं रान, दुसऱ्या अंगाला पाणी. उन्हाळ्यात पाणी लांब सरकतं, पावसाळ्यात अगदी वाटेच्या पायाशी येऊन बसतं. दुधाचा टेम्पो, चार-दोन मोटारसायकली आणि गुरं, एवढंच काय ते त्या वाटेवरून जातं.

ही वाट पुण्याच्या सायकलवाल्यांना कुणी दाखवली, देव जाणे. पण गेली काही वर्षं रविवार उजाडला की ते येतात. मोटारी धरणाजवळ ठेवतात, जाड टायरच्या सायकली खाली उतरवतात आणि पाण्याकडेनं निघतात. डांबर त्यांना नकोच असतं. मुरमावर टायर करकरत जातो, तेवढाच आवाज. ऐन-हिरड्याच्या सावलीत कोतवाल पक्षी ओरडतो, पाण्यावर धुकं असतं, आणि समोरून कुणी म्हणता कुणी येत नाही. एवढ्यासाठी ही माणसं पहाटे अंथरूण सोडतात.

वाटेच्या शेवटाला बाळाबाईचं घर. एकदा एका सायकलवालीनं पाणी मागितलं, बाळाबाईनं पाणी दिलं, वर गवती चहा दिला, नाचणीची भाकरी आणि ठेचा दिला. त्या पोरीचं नाव शिवानी. पुढच्या रविवारी ती आणखी तिघांना घेऊन आली. मग ते घर त्यांचं ठरलेलंच झालं. जाताना ती मंडळी ताटाखाली पैसे ठेवून जात, कारण हातात दिले तर बाळाबाई घेत नसे.

पण बाळाबाईचं जे काम त्या मंडळींना कधीच कळलं नव्हतं, ते शनिवारचं होतं. शनिवारी उन्हं कलली की ती फावडं आणि घमेलं घेऊन वाटेला लागायची. दुधाच्या टेम्पोनं जिथं जिथं चाकोऱ्या पाडलेल्या असत, तिथं बाजूच्या दरडीचा मुरूम ओढून भरायची, वर पाय देऊन दाबायची. अख्खी वाट तिला कुठून होणार, पण म्हसोबाच्या वळणाचा तुकडा ती कधी सोडत नसे.

"म्हातारे, पगार कोन देतं गं तुला?" तिचा नवरा गेनबा गुरं घेऊन परतताना हटकायचा.

"म्हसोबा देतो."

"मग माजीबी वशिल्यानं वळख करून दे त्याच्याशी."

गेनबा चेष्टा करायचा, पण घमेलं तिच्या हातातून काढून घेऊन शेवटची खेप तोच टाकायचा. कारण काय ते त्यालाही ठाऊक होतं.

दोन पावसाळ्यांमागं, श्रावणात, त्याच वळणावर जीप रुतली होती. जीपमध्ये बाळाबाईची सून दिपाली होती, पहिलटकरीण. दिवस मावळतीला कळा सुरू झाल्या, जीप आली, निघालीसुद्धा वेळेवर. पण पाऊस असा, की वळणावर पुढचं चाक चाकोरीत गेलं आणि जीप पोटावर बसली. मुलगा गोरख आणि वस्तीतली माणसं ढकलत होती, चाकाखाली फांद्या घालत होती, दगड घालत होती. आत बाळाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दिपाली आधी ओरडत होती. मग पुटपुटायला लागली. मग एकदाच म्हणाली, "आत्या, लई गार लागतंय." डांबरी रस्ता लागला तेव्हा फार उशीर झाला होता. आईही गेली, लेकरूही गेलं.

वर्षश्राद्धाला सगळं झाल्यावर बाळाबाई एकटीच वळणावर गेली आणि एक घमेलं मुरूम त्या चाकोरीत टाकून आली. देवाला फूल वाहावं तसं. मग दर शनिवारी जायची सवयच लागली.

गोरखनं पुन्हा लग्नाचं नाव काढू दिलं नाही. घरात आता हसण्या-बोलण्यासारखं एकच होतं, धाकटी लेक अश्विनी. तिला महामार्गाच्या कडेच्या गावात दिली होती. माघ महिन्यात तिचा फोन आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "आये, डिंक आणून ठेव."

बाळाबाईला कळलं. चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं हात जोडले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज कुणी शिकवावा लागत नाही. पण दोनच दिवसांनी जावई स्वरूपचा फोन आला. पोरगा भला, अडखळत बोलला. "मामी, आमचं अप्पा म्हणत्यात, वहिनींचं तसं झालं... पावसाळ्यात दिवस भरत्यात. रस्ता झाला तर धाडू म्हणत्यात. न्हाईतर हितंच करू. माजं काय न्हाई, पन अप्पांच्या पुढं..."

"बरोबर हाये त्यांचं," बाळाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. रस्ता व्हावा. पावसाआधी व्हावा. लेक आपल्या घरी बाळंत व्हावी. ज्या घरातून एक पोर भरल्या पोटी गेली आणि आली नाही, त्या घरात पाळणा हलावा. सरपंच सोमनाथ तिच्या पुतण्यासारखा. त्याच्या दारात जाऊन ती रोज बसू लागली. "सोमा, रस्त्याचा कागद पुढं गेला का रं?"

"गेलाय काकी. यंदा बांधकामाचं सायेब सोता बघायला येनार हायेत. तीन-चार वाटा बघत्यान, त्यातली एक मंजुरीत बसवत्यान. आपली बसंलच."

फाल्गुन संपता संपता साहेब येण्याचा दिवस ठरला. आणि इथंच जे व्हायचं ते झालं.

साहेब येणार म्हटल्यावर वस्ती जागी झाली. आपल्याकडं पाहुणा यायचा म्हटला की आधी केरसुणी हातात येते. घरात खायला असो नसो, दारात सडा पडला पाहिजे. सोमनाथनं सांगितलं, वस्ती साफ करा. बायकांनी वस्तीच काय, वाटसुद्धा लोटून काढली. कुणी पाचोळा झाडला, कुणी कडेच्या दगडांना चुना लावला, कुणी धुरळा बसावा म्हणून पाण्याच्या कळशा आणून शिंपल्या. आणि मुरूम भरायचं काम बाळाबाईकडं, कारण ते तिच्या हातचं. तिनं पोरीबाळींना हाताशी घेऊन डांबरीपासून वस्तीपर्यंत एकेक चाकोरी भरून काढली. वाट नवरीच्या भांगासारखी दिसायला लागली.

गोरख वळणावर उभा राहून बघत होता. बायको गेल्यापासून तो मोजकंच बोलायचा. म्हणाला, "आये, ह्यो खड्डा राहू दे."

"का रं?"

"त्यांची गाडी आपटू दे की जरा. त्याबिगर कळनार कसं?"

बाळाबाईनं कंबरेवर हात ठेवला. "पाव्हन्याच्या वाटंत खड्डा ठिवायचा? मुद्दाम? आपल्यात असलं करत्यात व्हय? त्यो आपल्या कामासाठी येतोय, आन त्याची हाडं खिळखिळी करायची?"

"आये, त्यो पाव्हना न्हाई. त्यो तपासायला येतोय."

"दारात आला त्यो पाव्हना."

तिनं चाकोरी भरली, दाबली, वरून पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी आली ती अलगद आली. गाडीतून उतरताना साहेबांच्या चेहऱ्यावर शीण नव्हता. चांगला माणूस होता तो, उगाच नाव कशाला ठेवायचं. दारातली रांगोळी ओलांडताना त्यानं पाय जपून टाकला. इकडं तिकडं बघत म्हणाला, "सरपंच, काय सुंदर ठेवलंय हो गाव. रस्तासुद्धा कच्चा असून काय छान आहे. आमच्याकडे डांबरी असे नसतात."

सोमनाथ हसला. कौतुक झाल्यावर माणूस हसतोच. मागाहून त्या हसण्याचं त्याला वाईट वाटलं, पण तेव्हा तो हसला.

जेवण बाळाबाईकडं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. साहेब पाटावर बसले आणि म्हणाले, "मावशी, या रस्त्यावर सायकलवाले येतात म्हणे लांबून?"

"येत्यात की सायेब. लई चांगली पोरं."

"येणारच. असा शांत रस्ता राहिलाय कुठं आता?"

बाळाबाईच्या ओठांवर आलं होतं. सायेब, ह्याच वाटंवर माजी सून गेली. पण साहेबांच्या हातात घास होता. जेवणाऱ्या माणसापुढं मरणाची गोष्ट काढू नये, अन्नाचा अपमान होतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं ठरवलं, यांचं जेवण होऊ दे, हात धुऊ दे, मग सांगू. तिनं आणखी एक पोळी वाढली. तूप वाढलं. साहेबांनी हात धुतले आणि ती पदर सावरून पुढं झाली, तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. कानाला मोबाईल लावूनच ते अंगणात गेले, हातानंच नमस्कार केला आणि गाडीत बसले. गाडी गेली तीही अलगद गेली. वळणावर क्षणभर हळू झाली असती, तर बाळाबाई पळत गेली असती. गाडी हळू झाली नाही.

चैत्रात निकाल लागला. रस्ता मंजूर झाला, पण दुसऱ्या गावाचा. सोमनाथ सांगायला आला तेव्हा चप्पल काढून उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"काकी, सायबाचं म्हननं, तुमच्यापेक्षा त्यांची वाट वाईट हाये. तुमची गावकऱ्यांनी राखलीया. अजून दोन-चार वर्सं चालंल."

बाळाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. गोठ्याच्या दारात गोरख उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. 'मी सांगत नव्हतो' असं तो एका शब्दानं म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो आत गेला आणि वैरण तोडायला लागला. कोयत्याचा आवाज बराच वेळ येत होता.

तरी तिनं आस सोडली नाही. सातव्या महिन्यात ओटीभरणाला हिरवी साडी, चुडा आणि पाच फळं घेऊन ती लेकीच्या सासरी गेली. अश्विनी पाटावर बसली होती, तोंडावर तेज आलं होतं. आईला बघून तिनं नजरेनंच विचारलं. कार्यक्रम झाला, बायका गाणी म्हणून उठल्या, आणि व्याही समोर येऊन बसले. साधा शेतकरी माणूस, आवाज चढवणारा नव्हे.

"विहीनबाई, झाला का रस्ता?"

होणार हाये, होत आलाय, असं काही म्हणता आलं असतं. देवघरात समई तेवत होती. बाळाबाईच्यानं खोटं बोलवेना.

"न्हाई झाला."

व्याह्यांनी खाली बघितलं. "तुमच्या मनाला लागंल, पन सांगतो. तुमची एक सून त्या वाटंनं गेली. ही माजीबी सूनच हाये."

"व्हय," बाळाबाई म्हणाली. "म्याबी असंच बोलले असते."

आणि ती खरंच तसंच बोलली असती, म्हणून तर राग धरायलाही तिला जागा उरली नाही. परतताना एसटीत तिच्या मांडीवर रिकामी पिशवी होती. लेकीला घेऊन येऊ, तिचे चार कपडे घालायला होईल, म्हणून तिनं ती मोठी पिशवी घडी घालून बरोबर नेली होती.

त्या शनिवारी ती वाटेला गेली नाही. पुढच्याही नाही. फावडं गोठ्यात पडून राहिलं. वळिवाची एक सर येऊन गेली, दुधाचा टेम्पो रोज जात होता, आणि म्हसोबाच्या वळणावर चाकोरी पुन्हा उघडी पडली.

एका रविवारी शिवानी आली ती सायकल हातात धरून, कोपर सोलवटलेलं, गुडघ्याला रक्त. बाळाबाईनं तिला ओट्यावर बसवलं, जखम धुतली, हळद दाबली.

"मावशी, त्या वळणावर यंदा कुणी मुरूम टाकला नाही का?" शिवानी दात आवळत म्हणाली. "तो तुकडा तर सगळ्यात गुळगुळीत असायचा. आम्ही त्याला मखमल म्हणतो."

बाळाबाई चुलीशी गेली. तिनं चहा दिला, भाकरी दिली. शिवानी खाता खाता सहज म्हणाली, "इथं डांबर होणार होतं, ते टळलं असं ऐकलं. जीव भांड्यात पडला बघा. अशा वाटा आता राहिल्याच नाहीत, मावशी."

चुलीतलं लाकूड पुढं सारून बाळाबाई थांबली. पोरीची भाकरी संपेपर्यंत थांबली, चहा संपेपर्यंत थांबली. शिवानीनं हात धुतले आणि हेल्मेट उचललं, तेव्हा बाळाबाईनं तिचं मनगट धरलं.

"जरा बस. तुला एक सांगायचंय."

आणि जे साहेबांना सांगायचं राहिलं होतं ते तिनं सांगितलं. जीप, पाऊस, दिपाली, तिचं गार लागणं. अश्विनीचं सांगितलं. मुरूम कोण टाकत होतं तेही सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

शिवानी हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं येतोय आम्ही. कधी बोलला नाहीत."

"हातात घास असताना कसं बोलू?"

"मग खाऊन झाल्यावर?"

"खाऊन झालं की तुमी निघता."

शिवानीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मी मघाशी काय बोलून गेले."

"तुजं काय चुकलं, पोरी? वाट देखनीच हाये. देवानं कुनाला ती हिंडायला दिली, कुनाला नांदायला. तू हिंडायला येतीस, तुला ती देखनीच दिसनार. म्यासुदिक दिपाली जायच्या आदी सांजंची तिथं बसायची, पानी बघत."

पुढं शिवानीनं आणि तिच्या मंडळींनी साहेबांच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. तिथं त्यांच्याशी नीट बोलले, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी. तोवर ज्येष्ठ लागला होता.

पण पोरीची जखम हळदीनं दाबली त्याच संध्याकाळी बाळाबाई फावडं घेऊन वळणावर गेली. गेनबा मागोमाग आला.

"आता परत भरतीस व्हय? भरलीस म्हनून तर रस्ता गेला."

"ठावं हाये."

"मग?"

"माज्या लेकीची वाट बंद झाली म्हनून दुसऱ्याच्या लेकीचा हात मोडू दिऊ?" ती म्हणाली आणि मुरूम ओढू लागली. टाकलेल्या प्रत्येक घमेल्याबरोबर डांबर आणखी लांब जातंय, हे तिला कळत होतं. तरी ती टाकत होती. गेनबानं त्या दिवशी चेष्टा केली नाही. तो दरडीवर चढला आणि वरून मुरूम खाली पाडून देऊ लागला.

आषाढ सरता सरता अश्विनीला मुलगी झाली. सुखरूप झाली. तालुक्याचा दवाखाना सासरपासून जवळ, स्वरूपची गाडी दारात, रस्ता डांबरी. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. बाळाबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि पाचवीच्या दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा डोक्यावर घेऊन चिखलातून चालत खाली उतरली.

सासरी बाळ-बाळंतीण खोलीत होती, शेगडी पेटलेली, वेखंडाचा, ओव्याचा धूर. विहीण पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर नात पालथी. विहीण तेल लावत होती. जांभूळटेपच्या कुठल्याही घरात मूल झालं की पहिलं न्हाऊ बाळाबाईच घालायची. मान कशी धरायची, पाठीवरून पाणी कसं सोडायचं, तिच्या हातांना विचारावं लागत नसे. आता ते हात मांडीवर एकमेकांत धरून ती पाहुण्यांच्या सतरंजीवर बसली होती.

विहीण मायाळू होती. म्हणाली, "विहीनबाई, घ्या की तुमी. घाला न्हाऊ."

बाळाबाई अर्धी उठली. मग तिच्या लक्षात आलं, चुलीवर पाणी तापवलंय ते विहिणीनं, बाळाच्या अंगाचा वास तिच्या हाताला बसलाय, आणि पोर तिच्या पायांवर गप्प पडून आहे. ती पुन्हा खाली बसली. "ऱ्हाऊ दे. तुमचा हात बसलाय तिला. रडंल उगं."

न्हाऊ झाल्यावर बाळ दुपट्यात गुंडाळून तिच्या ओच्यात दिलं. तिनं कपाळाला ओठ लावले. नाक दिपालीसारखं वाटलं तिला. तसं असायचं काही कारण नव्हतं. मग बाहेर अंधारून आलं आणि स्वरूप म्हणाला, "मामी, आजच्या दिस ऱ्हावा. वाट वाईट असंल." ती नको म्हणाली. घरी गेनबा आणि गोरख दोघंच होते, आणि पाऊस वाढला की वाटेचं खालचं अंग तुटतं.

निघताना अश्विनीनं आईचा पदर धरला. लहानपणी धरायची तसा.

"आये, म्या घरी कवा येऊ?"

खोलीत सगळे होते, सगळे ऐकत होते. बाळाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"दिवाळीला ये," ती म्हणाली. "पाऊस सरंल. वाट कोरडी झाली की ये."

"तवर ही मोठी झाली असंल."

"व्हय," बाळाबाई म्हणाली. "झाली असंल."

आणि रिकामा डबा पदराखाली घेऊन, उजेड आहे तोवर वळण ओलांडलं पाहिजे म्हणून ती भरभर पायऱ्या उतरली.